कुंपणालगतच्या सात पेट्या

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मी इकडे ठीक आहे, तूही खुशाल असशील असं धरून चालते. थंडी ओसरली. उजवा गुडघा कुरकुरतो, पण ऐकून घेणारं कोणी नसल्यामुळे फार वेळ कुरकुरत नाही. स्वयंपाकघराचं दार अजून फुगतं आणि अजून मी ते लाथ घालूनच उघडते.

तीन वर्षांनी ताईला पत्र लिहायची बुद्धी कशी झाली, असं मनात आलं असेल. सांगते. काम आहे.

तू तुझा तुकडा ज्यांना विकलास, ती शहरातली नवरा-बायको आल्यापासून गावाला शांतता नाही, कारण त्यांना शांतता हवी आहे. आधी गिरणीवाल्याचा कोंबडा पहाटे आरवतो ही तक्रार. मग गोठ्याच्या वासाची. दूधवाल्यानं सरळ विचारलं, “बाई, गाईला शेणाऐवजी दुसरं काय टाकायला सांगू?” सगळे हसले, ती बाई तेवढी हसली नाही. नवरा तर घराबाहेरच पडत नाही. आमची हवा त्याला मानवत नसावी.

आता पाळी माझ्या मधमाश्यांची. बाईच्या धुतलेल्या चादरींवर पिवळे ठिपके पडतात. पडणारच! मधमाशी स्वच्छ असते, पेटीत घाण करत नाही. थंडीत दाबून बसते आणि ऊन पडलं की पहिल्या भरारीत मोकळी होते. खाली कोणाची चादर आहे हे ती बघत नाही. बाई दिवसाला चार-चार चादरी वाळत घालते. दोन माणसांना इतक्या चादरी कशाला लागतात, देव जाणे. गावात तिचं नाव चादरवाली पडलंय. मीच पाडलं.

तिनं गावसभेकडे अर्ज दिलाय. पेट्या शेताच्या पलीकडच्या टोकाला न्या म्हणते, जणू खुर्च्याच आहेत. एकदम तेवढंच अंतर हलवलं, तर चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागी परत येतात आणि रिकाम्या हवेत घिरट्या घालून मरतात, हे तिला कोण सांगणार? सातही पेट्या जातील. बाबांच्या हातच्या पेट्या. त्या गेल्या तर सकाळी उठून मी करू काय?

सभेचा अध्यक्ष म्हणतो, “पेट्या बाबांच्या काळापासून त्याच जागी असतील, तर घर नंतर आलं. मग त्यांना बोलायला तोंड नाही. पण लेखी काहीतरी आणा.” तेव्हा एवढंच लिहून, सही करून पाठव: पेट्या पहिल्यापासून कुंपणालगतच होत्या. जमीन तुझ्या नावावर होती, तुझा शब्द चालेल. सभा दहा मार्चला आहे. जास्त काही लिहायची गरज नाही.

— ताई


१२ मार्च

माझ्या लाडक्या धाकटीस,

पोटभर आशीर्वाद. मागच्या पत्रात ते नुसते रीत म्हणून लिहिले होते, आज मनापासून लिहिते आहे.

तुझं पाकीट सभेच्या चार दिवस आधी मिळालं. मी सांगितलेलं वाक्य शब्दाला शब्द तसंच, खाली तुझी सही. आणि वेगळ्या चिठ्ठीवर, “ताई, गुडघा शेकत जा.” बस. पेट्या कुठं होत्या हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? पलीकडच्या टोकाला, ओढ्याकाठच्या झाडांखाली. तिथंच तुला माशी चावून तुझा ओठ सुजला होता आणि दोन दिवस तू माझ्याशी बोटांनी बोलत होतीस. तरी तू विचारलं नाहीस की ताई, पेट्या कुंपणाशी कशा आल्या?

मी आणल्या. तू विकलेल्या जमिनीवर घर उभं राहायला लागलं, त्याच महिन्यात. सातही पेट्या गाडीत घालून लांब नदीपलीकडच्या बागेत नेल्या, माश्या जुनी जागा विसरेपर्यंत तीन आठवडे तिथं ठेवल्या आणि मग परत आणून नव्या घराच्या कुंपणाला चिकटवून मांडल्या. रागात माणूस ताटली फोडतो, मोकळा होतो. मी तीन आठवडे खटपट केली. गावातल्या निम्म्या लोकांनी पाहिलं होतं, पण परक्यासमोर आपल्या माणसाला कोण उघडं पाडणार?

तर सभा. चादरवाली एकटीच आली होती, मागच्या बाकावर बसली. अध्यक्षानं माझाच विनोद उचलून तिला विचारलं, “बाई, दोन माणसांना इतक्या चादरी लागतात तरी कशाला?” सगळी खोली हसली. मीही हसले, धाकटे.

हसणं थांबेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, “आमचे हे अंथरुणावर आहेत. दोन वर्षं झाली. अंगाखालची चादर सारखी बदलावी लागते. धुतलेल्या चादरीवर ते ठिपके दिसले की त्यांना वाटतं, ते त्यांचेच डाग आहेत, निघाले नाहीत. मी सांगते माश्यांचे आहेत, तर त्यांना वाटतं मी मन राखतेय. माझी माफी मागत राहतात.”

मग तिनं पर्समधून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर ठेवला. “जागा घेताना मी या ताईंच्या बहिणीला विचारलं होतं, शेजारचं काही सांभाळायचं आहे का. त्यांनी हे काढून दिलं. म्हणून तर घर बांधायला घेतलं तेव्हाच मी कपड्यांच्या दोरीचे खांब मुद्दाम ओढ्यापासून लांब, कुंपणाकडे रोवले.”

तुझा नकाशा. विहीर, पायवाट, ओढा, आणि ओढ्याकाठी सात चौकोन. तुझ्या त्या डावीकडे कललेल्या अक्षरात: ‘इथं ताईच्या माश्या. त्यांच्या वाटेत येऊ नका, बागेत विषारी फवारणी करू नका. ताई बोलायला कडक आहे, मनाची नाही.’

अध्यक्ष माझ्याकडे वळला. “ताई, तुम्ही लेखी आणणार होतात ना? काढा.”

माझ्या पिशवीत तुझा दुसरा कागद होता. अक्षर तेच, सही तीच. तो काढला असता तर गावानं माझंच मानलं असतं, मला खात्री आहे. नकाशा खोटा ठरवून सगळे घरी गेले असते. पण तू चार माणसांत खोटारडी ठरली असतीस, कुठला तरी एक कागद तू खोटा लिहिलास म्हणून. आणि तू तो माझ्यासाठी लिहिला होतास.

मी उठले. गुडघा असा वाजला की पुढच्या बाकावरचा गिरणीवाला वळून बघायला लागला. म्हटलं, “नकाशा खरा आहे. पेट्या मी हलवल्या. यांचं घर उभं राहतंय हे बघून, मुद्दाम. माझ्या बहिणीचा यात काही संबंध नाही.” दूधवाला कपाळाला हात लावून बसला. त्याच्या मते मी अख्ख्या गावाचा खटला घालवला. दोन दिवस झाले, दूध आणून देतो पण बोलत नाही.

पावसाळ्यापर्यंत पेट्या जुन्या जागी न्यायच्या, असं ठरलं. यंदा नदीपलीकडं ठेवता येत नाही, तिकडे फवारणी चालली आहे. म्हणून रोज थोड्या थोड्या सरकवायच्या, हातभर, दोन हात, माश्यांना ओळख राहील इतक्याच. पण पेटी उचलायला दोघं लागतात. काल भल्या सकाळी मी एकटीच पहिली पेटी ढकलत होते, तर चादरवाली कुंपणापाशी आली. नवऱ्याचा रेनकोट अंगात, डोक्यावर मच्छरदाणी, हातात भांडी घासायचे मोजे. मला हसूच आवरेना. आणि तीही हसली. तिला विनोद कळतात, बरं का. माझेच तिच्यापर्यंत हसण्यासारखे कधी पोचले नव्हते.

 तिनं एक बाजू धरली, मी एक. तिनं एकही पेटी आपटली नाही. सातवी पेटी टेकवल्यावर मी म्हटलं, “तुमच्या मालकांना भेटायला येऊ का? ते डाग कोणाचे आहेत, ते मीच सांगते.” ती म्हणाली, “या. तुमचं ऐकतील. तुम्ही मन राखणाऱ्या वाटत नाही.”

आज दुपारी गेले. खिडकीशी पलंग, माणूस पार वाळलेला, पण डोळे तल्लख. मी सगळं सांगितलं, माश्या मोकळ्या होतात म्हणजे काय करतात तेही, न लाजता. तो ऐकत राहिला. मग बायकोकडे बघून म्हणाला, “म्हणजे मी नव्हतो.” ती चटकन आत निघून गेली. मीही फार वेळ बसले नाही.

घरी येऊन तुझा तो सहीचा कागद चुलीत घातला आणि लिहायला बसले.

धाकटे, मी तुला लिहायला सांगितलं तेव्हा का, कशासाठी, असं तू विचारलं नाहीस. माझ्यावरच्या मायेनं विचारलं नाहीस. तू जमीन विकलीस तेव्हा मीही तुला काही विचारलं नव्हतं. तू दारात उभी होतीस, काहीतरी सांगायला आली होतीस, हे मला दिसत होतं. मी पाठ फिरवून भांडी लावत राहिले. तू थोडा वेळ थांबलीस आणि गेलीस. तुझ्यावर तेव्हा काय वेळ आली होती, हे मला आजही ठाऊक नाही. आणि तुझी ताई म्हणवून घेते.

आता विचारते. बाळा, तुला जमीन का विकावी लागली?

लिहून सांगणं जड जात असेल तर ये. ये आणि बोल, मी काहीही करत नसेन, नुसती तुझ्यासमोर बसलेली असेन.

तीन वर्षं उशिरा विचारणारी,
तुझी ताई