काका मागून गेले

तीर्थरूप ऑडेसा आत्यास,

वाट चुकलेल्या तुझ्या भाच्याचा, थीऑनचा, साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, चर्चमधली तुझी वरची पट्टी आणि डेट्रॉइटची थंडी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे अलाबामात आम्ही ठीक, क्लीओफसकाकांचा डावा पाय सोडून. फोनच केला असता, पण तू दोन मिनिटं ऐकून "देव बघून घेईल" म्हणतेस आणि ठेवतेस. पत्र मध्येच ठेवता येत नाही. (येतं म्हणा. ठेवू नकोस.)

जत्रेतल्या पाळण्यावरची नोकरी सोडून (आधी पाळणा बंद पडला, मग मी) घरी येतो तर काकांच्या अंगठ्याला साखरेची जखम, काळी पडायला लागलेली. मंगळवारी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तुला आठवत असेल, पुढचं दार खांबांचं, मागचं धुलाईच्या खोलीशेजारी. मागच्या दारावरची 'काळ्यांसाठी' ही पाटी रंगवून टाकल्याला साठ वर्षं झाली, पण हवा दमट असली की अक्षरं रंगाखालून डोकं वर काढतात. तिच्याखाली आता नवी पाटी आहे: 'प्रतीक्षालय ब. सर्वांचे स्वागत.' सर्व म्हणजे आपण. कायद्याने कोणीही कुठूनही जावं. फक्त आपली बस मागे थांबते, आणि नाव ज्या दारात लिहिलं त्या दाराचं होतं. डॉक्टर पुढची नावं संपवतो, जेवतो, मग वेळ उरला तर मागची घेतो. गावातले लोक कुजबुजतात, यांना सगळं मागच्या दाराने मिळतं. खरं आहे. मलमपट्टीसुद्धा.

मी पुढून शिरलो. काका माझ्या मागून येतायत म्हणून निश्चिंत होतो. टेबलापाशी एक गोऱ्या बाई, बोलणं मधासारखं. "आलास का बाळा? बादली जिन्याखाली आहे." म्हटलं, मी पुसायला नाही, पेशंट घेऊन आलोय. "अगंबाई! मग बस ना, कुठेही बस. आम्ही असलं काही मानत नाही." मी नाव लिहिलं. शेजारी कोणीतरी टेकलं, काकाच म्हणून मी वळूनही बघितलं नाही. वीस मिनिटांत पुकारा झाला, मिस्टर क्लीओफस टिबेट! मी ऐटीत शेजारी बघतो तर एक शिंकणारे गोरे आजोबा. काका खरंच मागून गेले होते.

धावत वळसा घालून गेलो. वीसेक माणसं, दोन पंखे (एक चालतो), आणि टोपी मांडीवर ठेवून काका.

"काका, चला, नंबर आला!"

"ओरडू नकोस. आजारी माणसं आहेत इथे."

"अहो, पुढे बोलावतायत!"

"पुढे कोण बोलावतंय मला? मी इथे जागा धरलीय."

सुजलेला पाय खुर्चीवर ठेवून बसलेल्या लव्हिनियाबाई म्हणाल्या, "टेक रे, पुढून आलेल्या! पाळण्यात डोकं गरगरलं वाटतं." सगळी खोली हसली. काकांना ओढत पुढे नेईपर्यंत नावापुढे 'गैरहजर' पडलं होतं. मागे आलो तर खिडकीतला कारकून म्हणाला, तुमचं नाव पुढे गेलंय, इथे कसं घेऊ? म्हणजे सुधारणा झाली आहे आत्या. पूर्वी दोनच जागा होत्या. आता तिसरी निघाली, कुठेच नाही.

आपल्या अर्लीन नर्सने पायरीवरच पाय बघितला. डॉक्टर आता पुढच्या आठवड्यात गुरुवारी येणार, तेव्हा त्याने हात लावला नाही तर अंगठा जाईल म्हणाली, आणि अंगठा एकटा जात नसतो.

बसमध्ये काकांना विचारलं, असं का केलंत? "सात वर्षांचा असताना चुकून पुढून शिरलो होतो. आईला सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. आता परत मागायला लावू तिला?" म्हटलं, आजी जाऊन तीस वर्षं झाली. "म्हणूनच," म्हणाले.

तुझा,
थीऑन

ता. क. काका फक्त तुझं ऐकतात. त्या गुरुवारी सकाळी सातला फोन कर आणि मोठ्या बहिणीच्या आवाजात सांग, पुढून जा म्हणून.

ता. क. आणखी एक. लव्हिनियाबाई सांगत होत्या, ईस्टरला तू इकडे आली होतीस आणि तुझं ब्लडप्रेशर वाढलं, तेव्हा तू टॅक्सीतून पुढच्या खांबांपाशी उतरलीस आणि ती डेट्रॉइटची हॅट सांभाळत मागे चालत गेलीस. खोटं असेल तर कळव.

ता. क. शेवटचं. 'गैरहजर' पडल्यावर काकांना पुढच्याच दारातून बाहेर काढायचं मी ठरवलं होतं. दोन पावलांवर होतं. त्या बाईंनी नुसतं वर बघितलं, हसून. आम्ही मागून गेलो. बस तिकडेच थांबते, म्हटलं. फोन मलाही कर.