आबांच्या खोलीतली दहा मिनिटं

१४ मार्च

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. मी मजेत, गुडघे तेवढे कुरकुरतात. काल मंत्रिपद सोडलं. दारावरची पाटी काढताना शिपाईच रडायला लागला, शेवटी मीच त्याला चहा पाजला. इतकी वर्षं पत्रं सहायक लिहायचा आणि मी नुसती सही ठोकायचो. हे मात्र माझ्या हाताने लिहितोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

खोकी आवरताना आपला फोटो सापडला. एकाच घोड्यावर तू पुढे आणि मी मागे, तुझी वेणी धरून. युवराज म्हणे मी, पण लगाम कायम तुझ्याकडे! किती छान दिवस होते गं. पुढे माझ्या पलटणीतला कॅप्टन सुट्टीत आपल्याकडे यायला लागला. त्या ताडमाड माणसाला तोंडावर 'शिडी' म्हणायची हिंमत तुझीच. जेवताना एकमेकांकडे न बघण्याची तुमची कसरत आबा सोडून सगळ्यांना दिसायची.

परवा शिडी ऑफिसात आला होता. केस पिकलेत, पाठ अजून ताठ. हवापाण्याचं बोलून झाल्यावर म्हणाला, "अक्कासाहेब कशा आहेत? मीही लग्न केलं नाही."

अक्का, आता आडपडदा नको. तू मला तुझ्या आणि शिडीच्या लग्नाचं विचारायला आबांकडे पाठवलंस, "माझ्यासाठी एवढं बोल रे" म्हणून. आत गेलो आणि मी आपलंच घोडं पुढे दामटलं. सैन्य सोडून परदेशातल्या आपल्या वकिलातीत जायची परवानगी मागितली. "राजाचा मुलगा परक्यांच्या दारात उभा राहणार?" आबा असे तापले की काय सांगू! दहा मिनिटांनी कसेबसे हो म्हणाले. तो होकार मोडेल या भीतीने तुझा विषय मी काढलाच नाही. बाहेर येऊन तुला सांगितलं, आबा नाही म्हणाले.

त्यांना कुणी विचारलंच नव्हतं गं.

तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस. ते मला विचारायचे, "पोरीला झालंय तरी काय?" तेव्हाही मी मूग गिळून बसलो. पुढे देशासाठी जगभर बोलत फिरलो, त्याचे हारतुरेही घेतले. लाज वाटते.

शिडीलाही हे सगळं सांगितलं. तडक उठून गेला. दारातून परत आला आणि तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. तुझ्याबद्दल काहीही परस्पर ठरवायचा हक्क मी केव्हाच घालवलाय. त्याचा फोन नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. माझ्यावरचा राग सावकाश काढ, मी कुठे जात नाही. आधी त्याच्याशी बोल.

तुझ्यासाठी तोंड न उघडलेला,
तुझा धाकटा