मायने सांगितलेल्या चार गोष्टी

अमरावती, माघ शुद्ध दशमी, शके १७८६

तीर्थरूप गोदाबाईस,

धाकटा भाऊ शेषराव याचा दंडवत. तुझे यजमान, आमचे भाटवे नत्थुजी यांना रामराम, भाची शकुनला आशीर्वाद. मी बरा आहे. दोन वेळा जेवतो, खोकला गेला, तू दिलेली वाकळ अजून पांघरतो. ‘इकडील सर्व क्षेम’ ही ओळ मी हल्ली कुणाच्याच पत्रात लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

आधी एक मागणं. हे पत्र तुमच्या गावच्या पंतोजींकडे नेऊ नकोस. तुझे दीर सूर्यभानजी यांच्याकडूनच वाचून घे. तू त्यांच्याशी दोन वर्षं बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून लखोट्यावरही मोठ्या अक्षरांत तसं लिहिलं आहे. बोलू नकोस हवं तर, नुसती समोर बस. तुम्हा दोघांमधली ही अढी काढायची म्हणून मी लिहायला बसलो आहे. त्यात माझं काय व्हायचं ते होवो.

इथलं सांगायचं तर अमरावतीत पाय ठेवायला जागा उरलेली नाही. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि तिथला कापूस अडला, म्हणून आपल्या काळ्या मातीचे दिवस फिरले असं साहेबलोक म्हणतात. कापसाच्या बाजारात गाड्यांची रांग लागते ती पार वेशीबाहेर जाते. खानदेशातून, उत्तर हिंदुस्थानातून, कुठून कुठून माणसं पोटासाठी आली आहेत, आणि प्रत्येकाचं मन मागे गावात अडकलेलं. त्यातल्या शंभरांत दोघांना लिहिता येत असेल. बाकीचे बाजारालगतच्या निंबाखाली येतात. तिथे माझी सतरंजी, माझी पेटी आणि मी.

लोक मला ‘यादीवाला’ म्हणतात. दुसरे लेखनिक चिडवतात की शेषराव पत्र लिहीत नाही, किराणा भरतो. म्हणू देत. माणूस समोर बसला की मी बोरू कानावर ठेवतो आणि म्हणतो, आधी सगळं बोलून घ्या. तो बोलतो, मी एका चिटोऱ्यावर एकेका गोष्टीचा एकेक शब्द टिपतो. मग वाचून दाखवतो आणि विचारतो, यातली एकच गोष्ट पोचणार असेल तर कोणती? ती पहिल्या ओळीत जाते. मग लिहिता लिहिता एकेक शब्द खोडायचा. यादीत नाही ते पत्रात घालायचं नाही, यादीत आहे ते सोडायचं नाही. शेवटी चिटोरा गिऱ्हाइकाच्या हातात. अक्षर येत नसलं तरी रेघा मोजता येतात. सात बोललो, सात खोडल्या, एवढं त्याला कळतं.

पेटीच्या झाकणाला आतून आणखी एक यादी डकवली आहे, ती माझ्या स्वतःच्या वाईट खोडींची. ‘चिंता नसावी’, ‘सवडीने यावे’, ‘बहुत काय लिहिणे’. झाकण उघडलं की आधी त्यांचं दर्शन होतं. पहिले दोन महिने हात आपोआप तिकडेच वळायचा. सवय म्हणजे चुकार बैल, दरवेळी जुन्याच वाटेने जातो. रोज वेसण धरून वळवला तेव्हा कुठे आता जरा वळतो.

मागच्या महिन्यातली गोष्ट ऐक. चांदूरकडची मनकर्णा नावाची बाई इथे सरकीच्या टोपल्या वाहायची. दर पंधरवड्याला भावाला पत्र लिहवून घ्यायची. पावसापाण्याचं, भाच्याच्या बारशाचं, म्हशीचं. त्या दिवशीही सात गोष्टी सांगितल्या. मी नेहमीचा प्रश्न विचारला, एकच पोचणार असेल तर कोणती? तिने टोपली बाजूला सारली. मग यादीत नसलेलीच आठवी गोष्ट बोलली, “मले घरी याचं हाय.” तीन महिन्यांच्या पत्रांत ती कुठेच नव्हती. मी तेवढीच ओळ वर घातली. आठव्या दिवशी भाऊ गाडी घेऊन हजर. जाताना तिने माझ्या सतरंजीवर तुरीच्या शेंगांचा ढीग ओतला, आणि पत्र फारच आखूड लिहिलं होतं म्हणून बोलणीही ऐकवून गेली.

बाई, लोक मला हुशार म्हणतात तेव्हा माझी मान खाली जाते. ही अक्कल माझी नाही, तुझी आहे. पातूरच्या बाजाराला भाजी घेऊन निघालीस की तुझ्या पदराला गाठी असायच्या. एक मिठाची, एक मायच्या औषधाची, एक कुणाच्या तरी निरोपाची. काम झालं की गाठ सुटायची, आणि एक जरी बांधलेली राहिली तरी तू परतीची वाट धरत नव्हतीस. मी हसायचो. तू म्हणायचीस, “मले तुह्यासारखं लिवता येत नाई बाप्पा, मंग गाठीच बांधा लागते.” आणि मला लिहिता येत होतं तेही कुणामुळे? आपल्या पातूरच्या पंतोजींच्या पूजेला रोज पहाटे फुलांची परडी तू पोचवायचीस, त्यावर माझं शिकणं चाललं. माळ्याच्या पोराने मोडी गिरवली ती तुझ्या फुलांच्या जिवावर.

पण ही अक्कल मला नुसतं तुझ्याकडे पाहून आली नाही. ती यायला जे मोल पडलं, ते तू भरलंस. आता तेच सांगतो.

माय आजारी पडली तेव्हा मी पातूरला घरी गेलो होतो. तिने मला बाजेजवळ बसवलं आणि गोदीला पत्र लिही म्हणाली. धाप लागत होती, तरी थांबून थांबून तिने चार गोष्टी सांगितल्या. मला लेखनिकी सुरू करून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं आणि नव्या नवरीसारखी नटायची हौस होती. जुन्या पत्रांतले मायने, म्हणजे आरंभाच्या ठरीव ओळी, पाठ केलेले, ते कुठे तरी वापरायला मिळावेत एवढंच डोक्यात. वर ‘इकडील सर्व क्षेम’ घातलं, कारण ते नेहमी घालतात. मग तुझ्या घराण्याची स्तुती, मग कापसाचं वर्तमान. मायने पहिल्याच श्वासाला सांगितलेली गोष्ट नवव्या ओळीत गेली, आणि जाताना तिचं रूप असं झालं: ‘मातोश्रींची प्रकृती किंचित नरम, तथापि चिंता नसावी. वेचणी आटोपल्यावर सवडीने भेटीस यावे.’ बाकीच्या तीन गोष्टी मी लिहिल्याच नाहीत. इतक्या देखण्या पत्रात तिचं बोलणं मला गावंढळ वाटलं. मायने विचारलं, “लिवलं का सारं?” मी हो म्हणालो.

त्या पत्रात एवढंच होतं, बाई. सूर्यभानजींनी तुला वाचून दाखवलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यांनी काही गाळलं नाही. गाळलं ते मी.

त्यानंतर माय बारा दिवस होती. दाराशी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की मान वळवायची.

तू आलीस ती तेरवीला. सगळ्या सोयऱ्यांदेखत मला विचारलंस, “मले काहून नाई बलावलं?” आणि मी म्हणालो, तातडीने ये असं लिहिलं होतं की. इतकं सहज तोंडून गेलं की माझं मलाच नवल वाटलं. पुढचं तू स्वतःच जुळवलंस. ऐन वेचणीत घरातलं माणूस जाऊ नये म्हणून दिराने ती ओळ वाचलीच नाही, असं तुझ्या मनाने घेतलं. तू ते मनाशी जुळवत होतीस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे पाहत होतो. एक शब्द बोललो असतो तर तिथेच संपलं असतं. नाही बोललो.

याहून वाईट पुढे आहे. गेल्या भाऊबीजेला तू मला ओवाळलंस आणि मग पेटीतून तेच पत्र काढून आणलंस. एकदा तूच वाच म्हणालीस. मी वाचलं, ‘पत्र पोचताच क्षणाचाही विलंब न करता निघून ये.’ कागदावर नसलेली ओळ मी तिथल्या तिथे रचली. तू पदर डोळ्यांना लावलास. सूर्यभानजी ओट्यावर बसले होते. त्यांना वाचता येतं, ते पत्र त्यांनी आधी वाचलेलं होतं. हात पुढे करून कागद मागितला असता तर माझी जागच्या जागी राख झाली असती. ते उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

सूर्यभानजी, इथे थांबलात ना? थांबू नका. आणि पुढचा मजकूर तुमच्याच स्तुतीचा आहे म्हणून तो गाळाल, तर तसंही करू नका. हात जोडतो.

बाई, त्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते मला तुमच्या हिवरखेडच्या शिवेपर्यंत पोचवायला आले. मी त्यांचे पाय धरले. आत्ता मागे फिरतो, बाईला सगळं सांगतो म्हणालो. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, “तिले मायेरात तुमी एकटेच उरले. माह्यावरचा राग तिले झेपून राहिला. तुमच्यावरचा झेपनार नाई.” एवढं बोलून परत फिरले. ज्या घरात आपली भावजय आपल्याशी बोलत नाही, दारात आपण दिसलो की तोंड फिरवते, त्याच घरात हा माणूस तिच्या भावाची अब्रू राखायला परत गेला. आणि मी निर्लज्ज, त्यांच्या त्या शब्दांना परवानगी समजून तीन महिने गप्प बसलो. त्यांचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. तुला निदान त्यांच्याशी बोलता येईल.

मग मनकर्णेच्या तोंडून ती आठवी गोष्ट ऐकली आणि मला माझी कळली. दुसऱ्यांना रोज विचारतो, एकच पोचणार असेल तर कोणती. स्वतःला कधी विचारलं नव्हतं. या पत्राचीही यादी केली आहे, समोर पडली आहे. तिच्यात पहिला शब्द ‘सूर्यभानजी’ होता, आणि बघ, लिहिताना त्यांची गोष्ट मी पुन्हा इतकी मागे ढकलली. खोड पुरती गेलेली नाही.

आता तुझ्या पेटीतलं ते जुनं पत्र काढ, सूर्यभानजींना दे आणि म्हण, पुन्हा एकदा वाचून दाखवा. जसं आहे तसं, वरपासून खालपर्यंत.

आणि मायने सांगितलेलं आता पुरतं लिहितो. आजवर कागदावर उतरवलं नव्हतं, पण एक अक्षर विसरलेलो नाही. तिच्याच बोलीत लिहितो, काही न सुधारता.

“गोदे, हे पत्र भेटलं का निंग. मले तुह्यं तोंड पाहाचं हाय.

येतांनी आंबाडीची भाजी करून आनजो. दुसऱ्याच्या हातची गोड लागत नाई.

शेषाले जल्म म्या देला, पन वाढोलं तुनं. तवा तू आठ वर्साची होती, त्याले कडेवर घेऊन सारा मळा शिंपत होती. हे म्या तुले कधी म्हनलं नाई. आता म्हनून राहिली.

अन् नाईच जमलं येनं, तं मनाले लावून घेजो नको. लेकरू उशिरा आलं म्हून माय काई रुसत नाई.”

चारही खोडल्या. तिसरी मी तेव्हा का लिहिली नाही हे खरं सांगायचं तर नुसती गावंढळ वाटली म्हणून नाही. अंगावर भरजरी शब्द चढवलेल्या लेखनिकाला, बहिणीच्या कडेवर वाढलेलं पोर म्हणून कागदावर उमटायची लाज वाटली.

उत्तर पाठवावंसं वाटलं तर सूर्यभानजींच्या हातचं पाठव. तू सांगशील तसंच ते लिहितील. नाही आलं तरी मी समजेन.

तू वाढवलेला,
शेषराव