चिमणीचा चौथा स्वेटर

प्रिय ताई,

तुझा पिवळा स्वेटर मिळाला. अगदी मापात बसला, पण चिमणीला नाही, आमच्या स्वयंपाकीणबाईंच्या नातीला. तुझ्या देणगीवर वाढणारी चिमणी दहा महिन्यांची असतानाच न्यूमोनियाने गेली. तू पाठवलेला पहिला स्वेटर तिच्या अंगावरच मातीत गेला.

तेव्हाच कळवायला हवं होतं. पण त्याच महिन्यात मिशनची मदत निम्म्यावर आली होती आणि अनाथाश्रमात अकरा पाळणे भरलेले होते. इथे प्रत्येक देणगीदाराला एका बाळाचा फोटो जातो. ते बाळ गेलं की बरेच जण हात आखडता घेतात. तू तशी नाहीस, हे ठाऊक असूनही माझी जीभ रेटेना. मग दर वर्षी तुझा स्वेटर त्या नातीला घालून फोटो तुला पाठवत राहिले.

आता तू लिहितेस, रविवारी चिमणीला बघायला येते. हे पत्र काही मी टाकणार नाही. दुसरं टाकेन, की इतक्यात येऊ नकोस, तिला गोवर आलाय.

आणि तू, ती बरी व्हावी म्हणून, रोज प्रार्थनेला ते दुखरे गुडघे टेकशील.

तुझी धाकटी