मदत करणाऱ्याचं नाव

दि. ९ सप्टेंबर

ती. ताईंना सादर नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेल असं धरून चालतो. माझे गुडघे हवामानाप्रमाणे वागतात. न्हाणीघरातला नळ अजून गळतो आणि पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला घरचा नळ दुरुस्त करता येत नाही, हे मला रोज ऐकून घ्यावं लागतं. तुमच्या धाकट्या बहिणीची तब्येत उत्तम. आवाज तर फारच उत्तम.

मेहुण्याचं पत्र पाहून तुम्ही चकित झाला असाल. फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं हिला ऐकू जातं आणि ऐकू गेलेलं सगळं हिच्या लक्षात राहतं. एकच गोष्ट राहिली नाही, त्यापायी ही वेळ आली.

आधी एक सांगायचं राहिलंय. जूनपासून मी कॉलेजात जातो. निवृत्तांना तिथे फुकट बसू देतात, परीक्षाही देता येते. विषय गणित. शिकवायला कोण, ते तुम्ही ओळखलंच असेल. हसू नका.

हिने अट घातली होती की वर्गात नातं कळता कामा नये. म्हणून आम्ही वेगवेगळ्या बसने जातो. पोरं मला काका म्हणतात, म्हणून तीही काका म्हणते. ताई, इतक्या वर्षांच्या संसारानंतर स्वतःच्या बायकोने भर वर्गात "काका, तुम्ही सांगा बरं" म्हटल्यावर माणसाचं काय होतं, ते गणितात मांडता येत नाही.

वर्गातले नियम तिने पहिल्याच दिवशी उभ्याने वाचून दाखवले. बसायची कुणाची टाप नव्हती. घंटा झाली की दार बंद. मी एकदा बाहेर राहिलो, कारण घरातून मागून निघणाऱ्याने गॅस, खिडक्या आणि कुलूप बघायचं, आणि मागून निघायचं मीच, हाही नियम तिचाच. नुसत्या उत्तराला गुण नाहीत, पायऱ्या दिसल्या पाहिजेत. गृहपाठ राहिला तर "घरी पाहुणे आले होते" चालणार नाही. बाकीची पोरं ती थाप मारून तरी बघतात, माझी तीही सोय नाही. गृहपाठाला कुणाचीही मदत घ्या, पण खाली मदत करणाऱ्याचं नाव लिहा. लपवलेली मदत म्हणजे चोरी. आणि शेवटचा नियम असा, की मॅडमची चूक जो दाखवून देईल त्याला पाच गुण, आणि मॅडम सगळ्यांसमोर "माझी चूक" म्हणतील. ते पाच गुण आजवर कुणालाही मिळालेले नाहीत. कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा जास्त काळ मी त्या प्रयत्नात आहे, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

पोरं तिला कात्री म्हणतात. गुण कापते म्हणून. हे मी तिला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

तर झालंय असं, की मला वर्गाबाहेर काढलंय.

किरकोळ गैरसमज आहे, असं लिहिणार होतो. पण तुम्ही खोदून विचारणारच, म्हणून सरळ सांगतो. गृहपाठात गणित होतं: बस जाताना ताशी चाळीसने जाते, त्याच रस्त्याने येताना ताशी साठने येते, तर पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती? मी दोन कागद खराब केले. ही तेव्हा सोफ्यावर पाय वर घेऊन तुमच्याशी फोनवर बोलत होती. मी आपलं सहज विचारलं. तिने मान वळवली आणि म्हणाली, "पन्नास. त्यात काय एवढं?" आणि तुमच्याशी पुढे बोलायला लागली. तुमच्या पडद्यांच्या कापडाचं काहीतरी चाललं होतं. आठवतंय का?

मी पन्नास लिहिलं. खालची नावाची ओळ कोरी सोडली, कारण तिथे लिहू काय? "मॅडम"? आणि "आपल्या मॅडम, रविवारी, सोफ्यावर"?

माझ्या बाकावर एक मुलगी बसते. मी तिला शेजारीण म्हणतो. तिने माझं पाहून पन्नास लिहिलं आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं, "मदत: काका".

उत्तर चूक निघालं. मॅडमनी दोन्ही कागद वर धरले. "काका, तुम्ही साधी बेरीज करायला अर्धं पान घेता. हे उत्तर एका ओळीत कुठून आलं? कोणी सांगितलं?"

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"नाव सांगा आणि विषय संपवा."

तोंड उघडलं असतं तर पाच गुण तिथल्या तिथे मिळत होते, आणि ताई, मला त्या पाच गुणांची फार गरज आहे. पण सगळ्या पोरांसमोर तिचं हसं करायचं? माझी जीभ रेटेना.

"ठीक आहे. नाव कळेपर्यंत वर्गात यायचं नाही."

आणि बोलता बोलता तिची नजर शेजारणीकडे गेली. झालं. आता अख्ख्या वर्गाची खात्री आहे की उत्तर तिचं होतं, मी तिला पाठीशी घालतोय आणि तिने उलटं माझं नाव पुढे केलं. ती बिचारी डबा खायलासुद्धा एकटी बसते, असं बसस्टॉपवर भेटली तेव्हा सांगत होती.

घरी मी दोनदा विषय काढला. "घरातलं घरात, वर्गातलं वर्गात," असं म्हणून हिने मला नळाकडे बोट दाखवलं. पन्नास म्हटल्याचं हिला अजिबात आठवत नाही. साक्षीदार तुम्ही एकट्या. तुमचं ती ऐकते.

तुम्ही विचाराल, या वयात गणिताची हौस कशाला? सोडून द्या की. नाही सोडवत. खरं कारण हे, की घरी आम्ही बोलायचं विसरलोय. दूध आलं का, बिल भरलं का, नळ. बस. भांडणही नाही, नाहीतर तेवढ्यापुरतं तरी बोललो असतो. वर्गात ती हातवारे करते, खडूने कपाळ पांढरं करून घेते, कुणी विचित्र प्रश्न विचारला की खळखळून हसते. लग्नाआधी मी तुमच्या घरी तिला पाहायला आलो आणि ती चहा घेऊन आली, तेव्हा अशीच हसली होती. मला वाटायचं, ते हसणं संपलं. संपलं नव्हतं, ताई, ते कॉलेजात जात होतं. मला तिथे परत बसायचंय.

काहीतरी करा.

तुमचा,
बाहेर काढलेला मेहुणा


दि. २१ सप्टेंबर

ती. ताईंना सादर नमस्कार.

तुमचा फोन आला तेव्हा मी शूरपणे न्हाणीघरात जाऊन नळाशी झटापट करत होतो. बाहेरून "हो", "हो", मग "पन्नास?" आणि मग फोन ठेवल्याचा आवाज. मी बाहेर आलो. तिने चष्मा पुसला, परत घातला. नळाबद्दलही काही बोलली नाही, तेव्हा मात्र मी घाबरलो.

सकाळी म्हणाली, "आज पहिल्या बाकावर बसा." आणि आम्ही एकाच बसने गेलो. गॅस तिने बघितला.

वर्गात गेल्या गेल्या तिने फळ्यावर भलं मोठं पन्नास लिहिलं. "हे उत्तर कुणाचं?" शेजारीण मान खाली घालून बसली होती. तिच्याकडे बोट करून मॅडम म्हणाल्या, "हिचं नाही. हिने जे लिहिलं ते खरं लिहिलं, आणि मी तिच्याकडे संशयाने पाहिलं. काकांचंही नाही. हे माझं उत्तर आहे. काकांनी मला घरी विचारलं, मी फोनवर होते आणि विचार न करता बोलले. काका माझे मिस्टर आहेत."

मग तिने खडू ठेवला, आमच्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "माझी चूक."

ताई, हे दोन शब्द मी उभ्या जन्मात पहिल्यांदा ऐकले, आणि तेही अख्ख्या वर्गाच्या साक्षीने. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण घरी परत जायचं होतं. तेवढ्यात शेजारीण हळूच म्हणाली, "म्हणजे मॅडम... काकू?" आणि जो हशा पिकला तो बाजूच्या वर्गाचे सर दार ठोठावून गेले तरी थांबेना. मॅडम टेबलाला धरून हसत होत्या. कात्री हे नाव त्या दिवशी बाद झालं. आता कॉलेजभर काकूच चालतं. शेजारणीच्या डब्याला आता चौघी-पाचजणी असतात.

मग तिने गणित करून दाखवलं. रस्ता एकशेवीसचा धरा. जाताना तीन तास, येताना दोन, म्हणजे पाच तासांत दोनशे चाळीस. अठ्ठेचाळीस. "हळू जाताना आपण रस्त्यावर जास्त वेळ असतो, म्हणून सरासरी खाली येते," ती म्हणाली. मला पहिल्या फटक्यात कळलं. आमचाही अलीकडचा रस्ता बराच हळू चालला होता.

आता गुणांचं. मदत लपवली म्हणून त्या गृहपाठाला मला शून्य. नवरा असलो म्हणून काय झालं? आणि ते पाच गुण? मी हात जोडून विचारलं. तर म्हणाली, "चूक तुम्ही कुठे दाखवलीत? तुम्ही तर लपवलीत. चूक ताईने दाखवली." तेव्हा ताई, पाच गुण तुम्हाला मिळालेत. तुमचं नाव हजेरीपटावर नाही, त्यामुळे ते लिहायचे कुठे, यावर विचार चालू आहे. अभिनंदन.

मी पास होणं कठीणच दिसतंय. पण खरं सांगू का, मला फारसं दुःख नाही. नापास झालो तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या बाकावर. आणखी एक वर्ष तिला बोलताना ऐकेन. थोडीफार मदत मी आपल्या परीने करणारच आहे, म्हणजे परीक्षेत दोन गणितं मुद्दाम सोडून देईन.

(वरचा मजकूर मी तपासला आहे. परीक्षेत मुद्दाम गणितं सोडणं ही थाप "पाहुणे आले होते" यातच मोडते, चालणार नाही. पास व्हायचं आहे. बोलणं वर्षभर वर्गात बसून ऐकायची गरज नाही, मी घरी बोलेन. नळासाठी माणूस बोलावला आहे.)

ताई, हे कंसातलं लाल शाईतलं अक्षर तुम्ही ओळखलंच असेल. मी चहा ठेवायला उठलो तेवढ्यात झालं. आता चहा घेऊन समोर बसलीये आणि पडद्यांचं कापड शेवटी कुठलं ठरलं ते मला सांगतेय. मला कापडातलं ओ का ठो कळत नाही. लिहिणं थांबवतो.

तुमचा मेहुणा

मदत: तुमची बहीण