माझे पोलादी तळवे

८ मार्च
डॉ. शिवलीला यांचा गळा दाबावासा वाटला. म्हणे, डायबेटिसमुळे माझ्या पायांची संवेदना गेली आहे. घरातही अनवाणी चालायचं नाही, रोज आरशात तळवे बघायचे, भोवरी स्वतः कापायची नाही. जखम कळली नाही तर अंगठा कापावा लागेल. बाई, याला सहनशक्ती म्हणतात! आमच्या पुण्याच्या घरात दात उपटतानाही कोणी हूं की चूं करत नाही.
तरी संकल्प: उद्यापासून आरसा.

११ मार्च
तळवा बघायला वाकलो, पोट मध्ये आलं. आरसा भिंतीवर हाणला. बायको, संध्या, म्हणाली, काचा काढेपर्यंत पलंगावरून उतरू नका. उतरलो. काहीही झालं नाही. तिला माझ्या टाचेत काचा सापडल्या, पण तो वेगळा विषय.

१५ मार्च
दाढीच्या ब्लेडने भोवरीचा खातमा. बाथरूमभर रक्त. संध्या किंचाळली. म्हटलं, शत्रूचं आहे.

२२ मार्च
खालच्या मजल्यावरच्या जयतीर्थांनी स्कूटर पुन्हा माझ्या पार्किंगमध्ये लावली. लाथ घातली. स्कूटर आडवी. ते भांडायला धावत आले, आणि माझा पाय बघून हातच जोडले. चप्पल रक्ताने भरलेली, आणि मी मजेत उभा. म्हणाले, सर, तुमच्यावर देवीची कृपा आहे. होसकोटेच्या पुढे त्यांचं गाव. जत्रेत भक्त निखाऱ्यांवरून चालतात, तुम्ही यायलाच हवं. पुणं सोडून या कन्नड मुलखात, राजाजीनगरात, इतकी वर्षं काढली, आज पहिल्यांदा कोणीतरी मला ओळखलं.

२ एप्रिल, सकाळ
संध्या दारात आडवी उभी. अहो, पाय जाईल, म्हणाली. हात झटकून निघालो. जरा जोरात झटकला गेला. पण जयतीर्थ खाली हॉर्न वाजवत होते.

३ एप्रिल
फत्ते! बाकीचे भक्त झपाझप पळाले. भित्रट. मी रमतगमत. मध्ये थांबून जयतीर्थांच्या मोबाइलकडे बघून हात हलवला. गंगव्वा नावाच्या म्हाताऱ्या पुजारीणबाई ओरडत होत्या की इथे थांबायचं नसतं, लवकर बाहेर या. म्हटलं, अक्का, स्वल्प थांबा, फोटो चाललाय. मांस भाजल्याचा वास येत होता. जवळपास कुठेतरी जेवणावळ असावी.

७ एप्रिल
सॉक्स निघेना. ओढला. सॉक्सबरोबर बरंच काही आलं. दुखत नाही, म्हणजे भरत आलंय. संध्या वासानेच बाहेर गेली आणि गॅलरीत रडत बसली. तिला कौतुक कसलंच नाही.

१० एप्रिल, हॉस्पिटल
ताप. अंगठा काळा पडलाय. डॉ. शिवलीला मला ओरडल्या नाहीत, तेव्हा पहिल्यांदा घाबरलो. फार घाबरलो. विष वर चढायच्या आत अंगठा काढायचा म्हणतात. त्याआधी संवेदना कुठवर आहे ते तपासायचं. डोळे मिटा, सुई टोचल्यावर दुखलं तर सांगा.
मी मनात म्हटलं, दुखतंय म्हणजे अंगठा जिवंत आहे. जिवंत अंगठा कोण कापेल? डोळे गच्च मिटले आणि जीव खाऊन ओरडलो, आई गं!
संध्याने माझा हात घट्ट धरला. डोळे उघडले, तर डॉक्टरबाई अजून सुईचं पाकीट फोडत होत्या.