दिव्याची वाट बंद

४ ऑक्टोबर, शनिवार

गेट! दिव्याच्या वाटेला गेट!

सकाळी शाळेच्या सात पोरांना घेऊन कड्यावर गेले, तर समोर लोखंडी गेट, त्याला जाडजूड साखळी आणि नवंकोरं कुलूप. शेजारी बोर्ड — ‘दुरुस्तीचे काम सुरू. पुढील सूचनेपर्यंत प्रवेश बंद.’ कुणाची सूचना, किती दिवस — काही नाही. पोरं माझ्या तोंडाकडे बघत उभी. शेवटी पुळणीवर नेऊन पळवलं त्यांना.

इतकी वर्षं त्या वाटेला कुणी विचारत नव्हतं. टोकावरच्या दीपस्तंभाच्या दिव्याला तेल न्यायचं म्हणून कधीकाळी खडकात लोखंडी तुळया ठोकल्या आणि वर सिमेंटच्या लाद्या टाकल्या. दिवा विझला. लाद्या एकेक करून समुद्रात गेल्या. आता निम्म्या ठिकाणी नुसत्या तुळया आणि खाली लाटा — म्हणून तर मुंबई-पुण्याचे क्लाइंबर येतात. आणि आता एकाएकी कुणालातरी तिचा पुळका आला?

काहीतरी शिजतंय.

५ ऑक्टोबर

निकेतचा मुंबईहून फोन. दर सीझनला इथे चढायला येणारा, माझा जुना दोस्त. त्याच्या ग्रुपवर बातमी पोचलीसुद्धा. “जागृती, यह सब जमीन का चक्कर है, लिहून घे माझ्याकडून.” घेतलं लिहून.

११ ऑक्टोबर

आज कामावरची इंजिनिअर भेटली. प्राप्ती नाव. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. फार गोड बोलते. इतकं गोड की माझे कान टवकारले.

“मॅडम, तुमच्या सुरक्षिततेसाठीच आहे.”

“आम्ही वीस वर्षं चढतोय इथे. आजवर एक नख तुटलेलं नाही. कशापासून सुरक्षितता?”

हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिली. मग म्हणाली, “ते मला सांगता येणार नाही.”

सांगता येणार नाही! म्हणजे सांगण्यासारखं आहे.

१४ ऑक्टोबर

अण्णांकडे गेले होते. त्यांच्याशिवाय कुणाला विचारणार? मला दोर धरायला त्यांनी शिकवलं. आगरातली, मिठागरातली पोर म्हणून बाबा नको म्हणत होते, तेव्हा आमच्या ओटीवर येऊन बसले आणि बाबांना पटवून उठले. कड्यावरचे दोर अडकवायचे सगळे बोल्ट त्यांनी स्वतः ड्रिल करून बसवलेले. ‘अण्णांचा बोल्ट आहे, डोळे मिटून लटक’ — असं पुण्याची पोरंसुद्धा म्हणतात.

तर अण्णा ओटीवरूनच म्हणाले, “आज डोकं दुखतंय गं. नंतर ये.” आत ये म्हणाले नाहीत. नारळाचं पाणी नाही, काही नाही.

गेटबद्दल विचारलं तर वाडीकडे बघत म्हणाले, “करू देत की त्यांना काम.”

हे अण्णा बोलतायत?

१९ ऑक्टोबर, रविवार

पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

प्राप्तीची जीप गेटशी थांबली. पुढच्या सीटवरून अण्णा उतरले. चौऱ्याहत्तर वर्षांचे — तिने हात दिला, त्यांनी घेतला. पहारेकऱ्याने कुलूप उघडलं. दोघं आत गेले, कुलूप परत लागलं. मी करवंदीच्या जाळीमागे चोरासारखी उभी. दीड तास! बाहेर आले तेव्हा अण्णांच्या हातात कसलीतरी पिशवी होती.

येताना डोंगराच्या माथ्यावर नवा फ्लेक्स दिसला. ‘सी-व्ह्यू प्लॉट’. खाली फोन नंबर देवव्रतचा — अण्णांच्या मुलाचा.

आता सगळं जुळलं. वाट दुरुस्त होणार, कठडे लागणार, प्लॉटवाल्यांना फिरायला मिळणार. आणि आम्ही बाहेर.

२२ ऑक्टोबर

पाडवा. दरवर्षी अण्णांकडे फराळाचा डबा जातो. यंदा पाठवला नाही. आई बडबडली.

३० ऑक्टोबर

ग्रामपंचायतीत फाइल बघायला मागितली. ग्रामसेवक आधी ‘उद्या या’, मग ‘साहेब नाहीत’. मी खुर्ची ओढून बसूनच राहिले. तासाभराने दिली.

सगळ्यात खालचा कागद — वाट धोकादायक आहे, ताबडतोब बंद करावी, असा अर्ज. तारीख २५ ऑगस्ट. अक्षर ओळखायला सही बघावी लागली नाही. त्याच अक्षरात मला पंधराव्या वर्षी गाठींची नावं लिहून दिली होती.

अण्णा.

घरी येईपर्यंत रडू आवरलं. न्हाणीघरात नाही आवरलं.

३१ ऑक्टोबर

आई म्हणते, “म्हातारा मानूस हाय. कायतरी आसंल त्याचे मनात. सरल जाऊन इचार ना त्याला.”

मी नाही विचारणार. त्यांनी सांगायला हवं होतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमा. म्हणजे पहाटेला मोठी ओहोटी. गेटला कुलूप असेल, समुद्राला नाही!

कड्याच्या पायथ्याने एक वाट आहे. पाणी पुरतं ओसरलं की तासभर खडक उघडे पडतात, तिथून वळसा घालून चौथ्या तुळईखाली निघता येतं. ही वाट मला अण्णांनी दाखवली. गावात आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत नाही. उजाडताच गेले.

वर बघते तर प्रत्येक बोल्टभोवती लाल रंगाचं वर्तुळ. शेजारी नंबर. मोजले — एकतीस. आणि नंबर कुणाच्या हातचे ते सांगायला नको. म्हणजे कापणार! वीस वर्षांचं चढणं कापून टाकणार, आणि कुठे कापायचं ते स्वतः अण्णा दाखवतायत.

बोल्ट तसे झकास दिसत होते. चकचकीत. गंज नावाला नाही. फोटो काढले.

घरी आल्याबरोबर निकेतला पाठवले. आणि खालची वाटही सांगितली. नकाशाच काढून दिला — भरती-ओहोटीच्या वेळांसकट. त्याचं उत्तर आलं, “कापायच्या आत एकदा चढून व्हिडिओ टाकतो. सगळ्यांना कळू दे.”

कळू दे.

९ नोव्हेंबर

बाजारात देवव्रत भेटला. “अण्णा तुझी आठवण काढतात. जेवण कमी झालंय त्यांचं.” मी म्हटलं, “प्लॉट विकले का सगळे?” “त्या प्लॉटांचा आणि अण्णांचा काय संबंध?” म्हणाला. चांगलं नाटक करतो.

२१ नोव्हेंबर

निकेतचा मेसेज. चौघं येतायत. रात्री आगरदांड्याला मुक्काम, उद्या सकाळच्या ओहोटीला आत.

किती दिवसांनी भूक लागली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळ. आजच लिहिते. लिहिलं नाही तर उद्या मीच वेगळं काही सांगेन.

सकाळी साडेसातला अण्णांकडे गेले. खरं सांगायचं तर त्यांना टोचायला गेले. ओटीवर बसले होते. म्हटलं, “तुमचं गेट काही कामाचं नाही अण्णा. पोरं आत पोचली असतील एव्हाना.”

ते उठून उभे राहिले. “कोण पोरं? कुठे?”

“निकेत आणि तिघं. तुमच्या बोल्टवर. कापायच्या आधी शेवटचं.”

त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. आत गेले, पिशवी घेऊन आले, माझ्या हातावर उपडी केली. बोल्टचे तुकडे. चकचकीत, आणि मधून खडूसारखे मोडलेले.

“ऑगस्टमध्ये नुसता हात टेकला आणि निघाला एक. मग दुसरा बघितला, तिसरा बघितला. खारी हवा आतून फोडते गं त्यांना, वरून काही दिसत नाही. जानेवारीत तू बावीस पोरं लटकवली होतीस त्यांच्यावर. तो फोटो समोर ठेवून अर्ज लिहिला मी.”

“मग सांगितलं का नाही?” मी ओरडलेच. “बोर्डावर लिहिलं का नाही?”

“प्राप्ती लिहिणार होती. मीच नको म्हटलं. ‘अण्णांचे बोल्ट’ म्हणतात ना सगळे... म्हटलं, गुपचूप काढून टाकू, नवे घालू. लाज वाटली, जागू.”

निकेतचा फोन लागेना. कड्याखाली रेंज नसते. मी धावत सुटले. गेटवर पोचले तेव्हा आतून माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

दोन बोल्ट एकापाठोपाठ एक निघाले होते. निकेत खालच्या खडकावर पडला होता, पाणी चढायला लागलं होतं. ज्या कामगारांना मी दीड महिना शिव्या घातल्या, ते परांची सोडून दोर लावून उतरले. प्राप्ती सगळ्यांच्या पुढे. फळीला बांधून त्याला वर घेतलं तेव्हा लाटा त्याच खडकावर फुटत होत्या.

शुद्धीत होता. मला बघून म्हणाला, “डोळे मिटून लटकलो होतो यार.”

२३ नोव्हेंबर

अलिबागहून त्याला मुंबईला हलवलं. कमरेचं हाड, डावा पाय. पायाला स्पर्श कळत नाही अजून. डॉक्टर म्हणतात, थांबून बघू.

त्याची आई म्हणाली, “तुमच्याबद्दल नेहमी सांगतो. तिकडे आमची जागृती आहे म्हणतो.”

२४ नोव्हेंबर

पोलीस विचारतायत — गेट बंद असताना पोरांना आत कुणी नेलं? पहारेकऱ्याची नोकरी जाणार असं ऐकते. प्राप्तीलाही बोलावलं होतं. निकेत कुणाचं नाव घेत नाही. बाकीचे तिघंही नाही.

उद्या पोलिसांकडे जाऊ म्हणतेय. शाळा आहे. परवा जाईन.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मधल्या सुट्टीत देवव्रत स्टाफरूमच्या दारात. डोळे लाल. “अण्णा सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन लिहून देऊन आले — खालची वाट पोरांना मी दाखवली म्हणून. ते तर महिनाभर कुणाशी फोनवरसुद्धा बोललेले नाहीत! तुला काही माहीत आहे?”

मी हजेरीपट शेजारच्या बाईंकडे दिला. म्हटलं, “गाडी आणली आहेस ना? चल, मला ठाण्यात सोड.”